शिवणीचे विमान

आमच्या माडीवरील फडताळात चाळीस वर्षांहून अधिक काळ एक लाकडी विमान पडून होते. त्याला एकच पंख होता. दुसरा कोठे गेला, हे घरात एकट्या मला ठाऊक होते.

जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून ‘पस मॉथ’ विमानाने टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे जुहूस आणले. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, त्यांनी तोच प्रवास पुन्हा स्वतः विमान चालवून केला. त्या वेळी आमच्या अण्णाकाकांनी त्या पहिल्या विमानाची प्रतिकृती करावयास घेतली. प्रमाण चोविसास एक. मूळ विमानाचा पंखविस्तार ३६ फूट ९ इंच. तेव्हा आमचा १८ इंचांवर थोडा. लाकूड शिवणीचे, हलके, आणि चांगले मुरले म्हणजे सहसा न वाकणारे.

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. काका कचेरीत गेले असता मी ते विमान गॅलरीतून सोडले आणि मोडलेला पंख परसातील आडात टाकला. रात्री पंगतीत काकांनी सर्व मुलांना एकवार विचारले. कोणी बोलले नाही. त्यानंतर त्यांनी विमानास हात लावला नाही.

यंदा श्रावणात ते म्हणाले, “मला आता दिसत नाही. तूच पुरे कर.”

नवा पंख कोरणे चार दिवसांचे काम. त्यास रूप आणणे मात्र महिन्याचे. पुढची कड गोलसर, मागची पातळ, पाठीवर फुगवटा. ओले फडके फिरवले की लाकडाचे तंतू उभे राहतात. ते वाळू द्यावयाचे, काचकागदाने घासावयाचे, पुन्हा भिजवावयाचे. सांध्यात लांबी भरली. रंग पाण्यासारखा पातळ करून हात दिले. एवढ्याशा विमानावर थर जाड झाला तर भिंतीस गिलावा दिल्यासारखे दिसते. मूळ पंख कापडाने मढविलेले होते, तेव्हा आतील फासळ्यांचा भास तेवढा हवा. पावसाळी हवेत रंग काही केल्या वाळेना. टर्पेंटाइनच्या वासाने आमच्या सौभाग्यवतींनी माझे पान माडीवर मांडण्याची धमकी दिली! जुन्या पंखाचे लाकूड पिवळसर झालेले, नव्याचे पांढुरके. रंगाखाली दोन्ही एक झाले.

ते मला सोसवेना. विमान काकांच्या मांडीवर ठेवले आणि सारे सांगून टाकले.

काका बराच वेळ पंखावरून अंगठा फिरवीत राहिले.

“उडाले होते का रे?”

“नाही, काका. सरळ खाली पडले.”

“भरीव लाकूड ते. उडायचे कसे?” त्यांचा अंगठा सांध्याशी थांबला होता. “येथे रेघ लागते. अजून एकदा घास.”