हरवलेल्या हद्दींची मोजणी

आपल्या धंद्याविषयी लिहा, पण त्यात तांत्रिक काही येऊ देऊ नका, अशी अट घालून संपादकांनी हा लेख मागितला. ती मी मान्य केली ती पाळता येईल या विश्वासाने नव्हे, तर सोलापुरातल्या माझ्या दुकानाची पायरी चढणाऱ्या मंडळींचे या विषयातील अज्ञान जेवढे गाढ तेवढाच त्यांचा आत्मविश्वासही दांडगा असल्याने, कोणीतरी हे एकदा सविस्तर लिहून ठेवणे अगत्याचे आहे, असे पुष्कळ दिवसांपासून वाटत होते म्हणून.

बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क टेबलावर ठेवून गिऱ्हाईक जे पहिले वाक्य उच्चारते, ते म्हणजे, "अहो, परवापर्यंत चांगली चालत होती की!" हे वाक्य बहुधा खरे असते. संगणकाला जोडताच 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल' अशी पाटी झळकते, किंवा सारी जागा काळ्या पट्टीखाली रिकामी दिसू लागते, आणि त्यावरून माल नाहीसा झाला असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः तलाठ्याच्या दप्तरातील सातबाऱ्याचे पान फाटले म्हणून शेत जागचे हलत नाही, उभे पीक जळत नाही, की बांध मोडत नाहीत. अमुक गट कोठून कोठपर्यंत हे सांगणारा कागद तेवढा जातो, आणि कागद नाही म्हणून सरकारदरबारी ती जमीन पडीक ठरते. पार्टिशन हरवले म्हणजे बहुतेक वेळा एवढेच झालेले असते.

हा कागद आहे तरी केवढा? डिस्कच्या पहिल्या सेक्टरात ५१२ बाइट असतात; त्यांतील पहिल्या ४४६ बाइटांत संगणक सुरू करण्याची आज्ञावली, नंतरच्या ६४ बाइटांत वाटण्यांचे पत्रक, आणि अखेरच्या दोन बाइटांत ५५ व एए ही मोहोर. ६४ बाइटांत १६-१६ बाइटांच्या चार नोंदी, प्रत्येकीत वाटणीचा आरंभ, लांबी आणि प्रकार. १९८३ साली डॉस २.० बरोबर आलेली ही व्यवस्था १० मेगाबाइटच्या डिस्कसाठी पुरेशी होती. पुढे तिचा आकडाच सुमारे २ टेराबाइटपलीकडे मोजू शकत नाही म्हणून जीपीटी नावाची नवी व्यवस्था आली, जिच्यात पत्रकाची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस ठेवलेली असते. जुन्या पद्धतीत दुसरी प्रत नाही. एका टेराबाइटच्या मिळकतीचा सारा दस्तऐवज ६४ बाइटांत, तोही एकाच जागी! तथापि प्रत्येक वाटणीच्या दारावर तिची स्वतःची पाटी असते, आणि एनटीएफएस पद्धतीत त्या पाटीची एक नक्कल वाटणीच्या शेवटच्या सेक्टरातही असते, म्हणून संपूर्ण डिस्क पायी फिरून या पाट्या गोळा करीत हद्दी पुन्हा ठरवता येतात. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थांनी लिहिलेला 'टेस्टडिस्क' हा प्रोग्रॅम हेच करतो, आणि तो फुकट मिळतो. ही गोष्ट मी गिऱ्हाइकांपासून कधी लपवली नाही, यद्यपि तसे केले असते तर चार पैसे अधिक मिळाले असते.

मग आमची गरज काय, असे कोणी विचारील, तर त्यासाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याचे प्रकरण सांगतो, जे अजून माझ्या मनातून जात नाही. पूर्वी जेकार्डची नक्षी पुठ्ठ्याच्या छिद्रे पाडलेल्या कार्डांत असे, आणि त्या कार्डांच्या माळा मागावर लोंबत. आता इलेक्ट्रॉनिक जेकार्डला नक्षी फाइलमधून दिली जाते, आणि या शेठजींच्या अनेक वर्षांच्या नक्ष्या एका १ टेराबाइटच्या डिस्कवर होत्या. ती डिस्क घेतली तेव्हा एकसंध होती व तिची वाटणी एक्सपीच्या जमान्यातील रिवाजाप्रमाणे ६३ व्या सेक्टरापासून सुरू होत होती. पुढे विंडोज ७ आल्यावर तिच्या दोन वाटण्या केल्या गेल्या, आणि पहिली नव्या रिवाजाने २०४८ व्या सेक्टरापासून सुरू झाली. वीज गेली, पहिला सेक्टर बिघडला, दोन्ही वाटण्या दिसेनाशा झाल्या. शेठजींच्या भाच्याने टेस्टडिस्क उतरवून घेतला आणि त्याने दोन नव्हे, तीन वाटण्या शोधून दाखवल्या.

तिसरी म्हणजे ती जुनी एकसंध वाटणी. नवी वाटणी २०४८ पासून सुरू झाल्यामुळे त्यापूर्वीच्या जागेला कोणी हात लावला नव्हता, म्हणून ६३ व्या सेक्टरातील जुनी पाटी शाबूत राहिली होती. भाच्याने खातरजमा केली नाही असे नाही. त्याने त्या वाटणीतील फाइलींची यादी उघडली, तीत ओळखीची जुनी नावे दिसली, आणि तो निःशंक झाला. ही नावे आली कोठून, हे आता अट मोडून सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. एनटीएफएसमध्ये फाइलींची मुख्य नोंदवही मोठ्या वाटणीत सामान्यतः ७८६४३२ व्या क्लस्टरपासून सुरू होते. एका क्लस्टरात आठ सेक्टर, म्हणजे वाटणीच्या आरंभापासून ६२९१४५६ सेक्टर पुढे. त्यात जुना आरंभ ६३ मिळवला तर जुनी वही ६२९१५१९ वर, आणि नवा आरंभ २०४८ मिळवला तर नवी वही ६२९३५०४ वर येते. दोहोंत अंतर १९८५ सेक्टरांचे, एकेक नोंद दोन सेक्टरांची. म्हणजे नव्या वहीखाली बुजण्यापूर्वी जुन्या वहीच्या पहिल्या ९९२ नोंदी जशाच्या तशा वाचता येत होत्या! शिवाय १९८५ हा आकडा विषम असल्याने, जुन्या हद्दीतून पाहू गेल्यास नव्या वहीची प्रत्येक नोंद मधोमध चिरलेली दिसते: अर्धी मागच्या नोंदीत, अर्धी पुढच्या.

भाच्याने जुनी वाटणी कायम केली. विंडोजने ती जोडून घेतली, 'या ड्राइव्हमध्ये दोष आहे, दुरुस्त करू का' असे विचारले, आणि त्याने होकार दिला. चेकडिस्क नावाच्या त्या कर्तव्यदक्ष कारकुनाने ९९३ व्या नोंदीपासून पुढे मधोमध चिरलेली प्रत्येक नोंद भ्रष्ट ठरवून रद्द केली. ज्या खऱ्या नोंदवहीवर सारा माल अवलंबून होता, ती अशी दुरुस्तीच्या नावाखाली पुसली गेली.

येथे आमच्या धंद्यातील एका जुन्या वादाकडे वळतो. माझे म्हणणे असे की, मूळ डिस्कवर एक बाइटही न लिहिता प्रथम तिची सेक्टरन् सेक्टर नक्कल काढावी आणि सारे प्रयोग नकलेवर करावेत. याच पेठेतील माझे समव्यवसायी म्हणतात की, ६४ बाइट परत लिहिण्यासाठी दिवस घालवणे हे सोवळे आहे. जुना सेक्टर जपून ठेवला की चुकल्यास तो परत लिहिता येतो. त्यांचा हिशेब चुकीचा नाही. जुन्या यूएसबी २ जोडणीने १ टेराबाइटची नक्कल काढावयास नऊ-दहा तास लागतात, आणि डिस्क आजारी असेल, तर अँतोनियो दियाझ दियाझ यांच्या 'डीडीरेस्क्यू'सारख्या प्रोग्रॅमने आधी सुस्थितीतील भाग उचलून खराब जागांवर मागाहून परत येत राहावे लागते, त्याला तर सुमारच नसतो. परंतु माझे भांडण त्या ६४ बाइटांशी नाहीच. वाटणी दृश्य होताच जागी होणारी विंडोज तिच्यात आपल्या नोंदी लिहू लागते, दुरुस्तीचे फर्मान काढते, आणि ते काही तुमच्या एका जपून ठेवलेल्या सेक्टराने परत फिरत नाही. दहापैकी नऊ डिस्कांच्या बाबतीत समव्यवसायी मंडळी बरोबर ठरतात हे मला ठाऊक आहे. पण हातात आलेली डिस्क नवांतील की दहावी, हे उघडण्यापूर्वी कळण्याचा उपाय मला तरी सापडलेला नाही, आणि खरे सांगायचे तर माझा हट्ट सावधगिरीचा किती आणि स्वभावाचा किती, हेही मला नेहमी उमगतेच असे नाही.

लोकांचे गैरसमज मात्र याहून वेगळ्या जातीचे. कोणीतरी वाचलेले असते की २००३ साली कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या, त्याच्या अवशेषांतील जळकी हार्ड डिस्क तज्ज्ञांनी वाचून दाखवली, आणि मग "ती निघते, तर आमची का नाही?" असा तगादा सुरू होतो. ती निघाली हे खरे. झेनॉन वायूच्या प्रयोगाची सुमारे ९९ टक्के माहिती तीतून परत मिळाली. पण ती डिस्क डॉसवर चालत होती, तीवर माहिती विखुरलेली नव्हती, आणि मुख्य म्हणजे आकाशातून पडल्यानंतर तिच्यावर कोणी चेकडिस्क चालवला नव्हता. उष्णता आणि आघात यांपेक्षा घरातील हुशार भाचा अधिक घातक असतो, हे मी विनोदाने म्हणत नाही. फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवून आणलेल्या डिस्काही माझ्याकडे आल्या आहेत, ज्यांत दोष फक्त पत्रकाचा होता व पाणी मात्र नव्याने शिरले होते. दुसरीकडे, एसएसडीवरील डिलीट झालेले फोटो सहज निघतील अशी समजूत. तेथे ट्रिम नावाची आज्ञा सुटलेली असली की ते बहुधा निघत नाहीत, आणि नाही म्हटले की मला काही येत नाही असा बोभाटा होतो.

टॉवेल कारखान्याची दुसरी वाटणी, जीत हिशेब होता, ती जवळजवळ संपूर्ण मिळाली. पहिलीतील नक्ष्यांसाठी नोंदवहीचा नाद सोडून डिस्क सरळ खरवडावी लागली. सुदैवाने नक्ष्या बीएमपी प्रकारच्या होत्या. अशा फाइलीच्या आरंभी 'बीएम' ही दोन अक्षरे आणि लगेच पुढच्या चार बाइटांत तिचा आकार लिहिलेला असतो, म्हणून कोठे कापावयाचे ते कळते. मोर आले, कोयऱ्या आल्या, एका देवस्थानासाठी काढलेली कळसाची किनार आली. नावे आली नाहीत, कारण नाव फाइलीत नसते, वहीत असते. कोणता नक्षा कोणत्या व्यापाऱ्याच्या कोणत्या ऑर्डरचा, हे आता कारखान्याचे जुने डिझायनर एकेक चित्र उघडून सांगत आहेत. त्या कामाची त्यांची मजुरी माझ्या बिलातून वळती करावी, असे शेठजींचे म्हणणे आहे. "नक्षा दिलात साहेब, पण नंबर कुठाय? नंबराशिवाय माल लावू कसा?" हा त्यांचा मुद्दा अगदीच गैरवाजवी आहे असे मला म्हणवत नाही, मी फक्त एवढेच सुचवले आहे की, ती वजावट भाच्याच्या खाती टाकावी. त्यावर निर्णय अद्याप तहकूब आहे.