फौजी गेल्यावर मागे राहिलेल्या पत्नीची तब्येत

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागतं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जवान कामी आले. त्यांचं स्मारक गावात आहे. साताऱ्याचेच कर्नल संतोष महाडिक 17 नोव्हेंबर 2015 रोजी कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक सप्टेंबर 2017 मध्ये स्वतः लष्करात लेफ्टनंट झाल्या. अशा आठवणी अख्खा जिल्हा जपतो.

पण सातारा-सांगली भागातल्या बहुतेक फौजींच्या पत्नींची गोष्ट वेगळी असते. नवरा सुखरूप परत येतो, पेन्शनवर शेती करतो आणि साठी-सत्तरीत हार्ट अटॅकने किंवा पॅरालिसिसने जातो. त्याची बातमी होत नाही. लोक म्हणतात, “भरल्या घरातून गेले.” वर आणखी, “फौजीची बायको तुम्ही, रडायचं नाही.”

एक गोष्ट लक्षात घ्या. नोकरीच्या काळात या बाईने पत्रांवर आणि वर्षाच्या सुट्टीवर संसार केलेला असतो. सकाळचा चहा दोघांनी मिळून घ्यायचे दिवस पेन्शननंतर येतात. म्हणून लग्नाला चाळीस वर्षं झाली असली, तरी तिच्या मनाला सोबत थोडीच मिळालेली असते.

अशा बायका दवाखान्यात दुःख सांगत नाहीत. सांगतात ते एवढंच, “झोप लागत नाही, घास उतरत नाही, छातीत धडधडतं.” बीपी बघावं तर वाढलेलं. गोळ्यांचं विचारलं की उत्तर येतं, “हेच आणून द्यायचे.”

दुःखाचा शरीरावर खरोखर परिणाम होतो. ताणामुळे अॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं वाढतात, बीपी आणि शुगर वर जाते. क्वचित ‘टाकोत्सुबो’ नावाचा त्रास होतो. यात हृदयाचं टोक फुगतं आणि काही काळ नीट आकुंचन पावत नाही. मासिक पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो आणि बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात. पण त्याची लक्षणं हार्ट अटॅकसारखीच असतात. त्यामुळे छातीत दुखलं, दम लागला तर “टेन्शनचं असेल” म्हणून घरी थांबू नका. लगेच ईसीजी काढा.

आठवण येणं, रडू येणं हा आजार नाही. त्यावर सरसकट झोपेच्या गोळ्या नकोत. मात्र सहा महिने उलटूनही ओढ तितकीच तीव्र असेल आणि रोजची कामं होत नसतील, तर त्यावर उपचार आहेत. जगणं नको वाटतं असं त्या बोलल्या, तर एक दिवसही थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

घरच्यांसाठी तीन गोष्टी. आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आता कोण आणणार, हे आजच ठरवा. फॅमिली पेन्शन घेणाऱ्या पत्नीला ईसीएचएसचे उपचार मिळतात. अडचण आली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आणि तिसरं, बाबांचा विषय टाळू नका. पोस्टिंग कुठं कुठं होतं, सुट्टीवर येताना ट्रंकेत काय आणायचे, हे आईला विचारा. बोलताना तिचा आवाज भरून आला, तर भरून येऊ द्या. शेजारी बसून राहा.