आमच्या घरचा समुद्र

बदलापुरास समुद्र आहे असें आम्हीं सांगितलें, तर वाचक हंसतील. मुंबईच्या मोठ्या स्टेशनापासून आमचें गांव रेल्वेनें ६८ किलोमीटर आंत. गांवावरून वाहते ती उल्हास नदी, आणि तिचें गोडें पाणी पिऊनच आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या येथें वाढल्या. तरीपण सन २०१६ पासून आमच्या बैठकीच्या खोलींत पांच फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच असा एक खारा समुद्र नांदत आहे. त्यानें आम्हांस म्हातारपणीं पुष्कळ शिकविलें. त्यांतला एक धडा मात्र असा कीं, जन्मभर मुलांस नीतिपाठ देणाऱ्या आम्हां मास्तरांस तो मान खालीं घालून शिकावा लागला. आमच्या वाटेनें जाणारा दुसरा कोणी वेळींच थांबावा, एवढ्याच हेतूनें तो धडा येथें सांगत आहों.

हा समुद्र घरीं आणला आमच्या चिरंजीवांनीं. ते अंबरनाथच्या एका कारखान्यांत इंजिनियर आहेत. लहानपणीं त्यांस आम्हीं मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयांत नेलें होतें. सन १९५१ मध्यें उघडलेलें तें मत्स्यालय आतां बंद आहे. परंतु तेथील कांचेस नाक लावून उभा राहिलेला सात वर्षांचा मुलगा चिरंजीवांच्या ठायीं अद्यापि जागा असावा. त्यांनीं उल्हासनगरच्या फर्निचर बाजारांतून लोखंडी घडवंची करवून आणली, तेव्हां आमच्या मंडळींनीं विचारलें, "अहो, हा एवढें काय बसवतो आहे? आपल्या जमिनीला झेपेल का?" प्रश्न रास्त होता. वीस घनफूट म्हणजे सुमारें ५६५ लिटर पाणी. त्यांत कांच, दगड व घडवंची मिळविली तर ओझें आठशें किलोंच्या घरांत जातें. आमचें घर जुनें, दगडी जोत्याचें व बैठें, म्हणून निभावलें.

समुद्राचें पाणी म्हणजे मीठ घातलेलें पाणी, अशी आमची समजूत होती. ती पहिल्याच दिवशीं गेली. एका लिटरास सुमारें ३५ ग्रॅम क्षार लागतात. म्हणजे आमच्या टाकीस वीस किलो. पण ते स्वयंपाकघरांतील मीठ नव्हे. त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादि द्रव्यें ठराविक प्रमाणांत असावीं लागतात. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन माशांस घातक, म्हणून तें पाणी आधीं शुद्ध करून घ्यावें लागतें. एवढें करून टाकी भरली, तरी लगेच मासा सोडतां येत नाहीं. माशांच्या मळापासून अमोनिया होतो, आणि तो त्यांसच विष. एका जातीचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात, तेव्हां कोठें तें विष सौम्य होतें. हे जंतु दगडांवर व वाळूंत वस्तीस येण्यास चार-सहा आठवडे लागतात. पाहुण्यांच्या आधीं आचारी यावा, तसा हा प्रकार. सहा आठवडे आम्ही रिकाम्या पाण्यापुढें बसून राहिलों.

सेवानिवृत्त मनुष्यास वेळ असतो. त्यामुळें टाकीची चाकरी हळूहळू आमच्याकडेच आली. संस्कृत शिकविण्यांत हयात घालविलेले आम्ही साठीच्या उंबरठ्यावर परीक्षानळींत थेंब मोजूं लागलों. वैशाखांत पाणी झपाट्यानें उडूं लागलें, तेव्हां आम्हीं एक चूक केली; उडालेल्या पाण्याच्या जागीं खारें पाणी ओतलें. वाफ होऊन जातें तें केवळ पाणी. क्षार मागेंच राहतात. तेव्हां भर घालावयाची ती गोड्या पाण्याची. ही साधी गोष्ट मिठागरांच्या धड्यांत आम्हीं स्वतः मुलांस समजावून दिली होती! बदलापुरास उन्हाळ्यांत पारा चाळिशीपार जातो, आणि टाकीचें पाणी तर २६ अंशांच्या आसपास ठेवावयाचें; म्हणून पाणी थंड करणारें यंत्र आलें. घरांतील माणसें पंख्याखालीं घामाघूम आणि मासे मात्र महाबळेश्वरीं, असें आमची मंडळी म्हणे.

त्याच वर्षीं दिवाळींत चिरंजीवांनीं एका दुकानांतून पोवळ्यांचे तीन जिवंत तुकडे आणले. दुकानदारानें इतर मालासारखेच ते पिशवींत घालून दिले. दिवसां ते रंगीत दगड दिसत. रात्रीं दिवा मालवला कीं, छिद्राछिद्रांतून तिळाचें फूल उमलावें तसे बारीक हात बाहेर येत. संस्कृतांत प्रवाल म्हणजे कोंवळा अंकुरहि आणि पोवळेंहि. दुसरें नांव विद्रुम, आणि त्यांतील द्रुम म्हणजे झाडच. पूर्वजांनीं त्यास झाड समजावें यांत नवल नाहीं. तो प्राणी आहे असें अठराव्या शतकांत पेसोनेल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें सांगितलें, तेव्हां युरोपांतील पंडितांनींहि तें प्रथम मानलें नाहीं. शिवाय झाड म्हणणारे अगदींच चुकले नव्हते. खडक बांधणाऱ्या बहुतेक पोवळ्यांच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून राहतें, आणि उजेडांत साखर तयार करून ती भाड्यादाखल घरमालकास देतें. त्या पोषणावर तो प्राणी पाण्यांतील चुना घेऊन आपलें घर बांधतो. आमच्या मंडळींच्या मंगळसूत्रांतील लाल पोवळें निराळ्या जातीचें, अंधाऱ्या पाण्यांतलें. त्याच्या घरीं असा बिऱ्हाडकरू नसतो.

तीन वर्षांत तुकडे वाढले. एकास बोटभर फांदी फुटली. शेजारपाजारचे लोक पाहावयास येत, आणि आम्ही त्यांपुढें विद्रुमावर प्रवचन करीत असूं. खरें सांगावयाचें तर त्या फांदीचा आम्हांस गर्व झाला होता.

सन २०१९ च्या जुलैच्या २६ तारखेस रात्रभर पाऊस कोसळला आणि उल्हास नदी पात्र सोडून बाहेर आली. दुसरे दिवशीं बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकली व हजाराहून अधिक उतारूंना सोडवून आणावें लागलें, तें वाचकांस आठवत असेल. आमच्या जोत्याच्या वरच्या पायरीस पाणी लागलें. घरांत शिरलें नाहीं. परंतु वीज गेली. इन्व्हर्टर सहा तास चालला. मग पंप थांबले आणि टाकींतील पाणी निश्चल झालें. चिरंजीव, सूनबाई व आम्ही पाळीपाळीनें तांब्यानें पाणी उचलून उंचावरून ओतीत राहिलों, कीं त्यांत थोडी हवा मिसळावी. नात तेव्हां आठवींत होती. ती मेणबत्ती धरून बसली. पहाटे मोठा निळा मासा आडवा झाला, आणि मग एकामागून एक. तीस तासांनीं दिवे लागले, तोंवर क्लाउनफिशांची एक जोडी तेवढी वांचली होती. पोवळ्यांवरील जिवंत कातडें चिंध्यांसारखें सुटून पाण्यांत तरंगत होतें, आणि खालीं पांढरीं हाडें उघडीं पडलीं होतीं. गांवांत लोकांचे संसार वाहून गेलेले. अशा वेळीं तीन पोवळ्यांचें दुःख बोलून दाखविण्याचीहि लाज वाटली. पण घरांत त्या दिवशीं कोणी धड जेवलें नाहीं.

पंधरवड्यानें दुकानदाराचा निरोप आला कीं, नवीन माल आला आहे. चिरंजीव निघाले, तोंच नात म्हणाली, "बाबा, थांबा. पोवळीं घरीं ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे." शाळेच्या प्रकल्पासाठीं वाचतांना तिला तें सांपडलें होतें. आम्हांस खरें वाटेना. आमचा एक जुना विद्यार्थी वकिली करतो, त्यास विचारलें. तो म्हणाला, "सर, ती बरोबर सांगते आहे." वन्यजीव संरक्षण कायदा सन १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचींत, म्हणजे जेथें वाघ आहे तेथेंच, सन २००१ पासून खडक बांधणाऱ्या सर्व पोवळ्यांचा समावेश आहे. शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची. आणि मेलेल्या पोवळ्याचें हाडहि त्यांतून सुटत नाहीं.

चिरंजीव म्हणाले, "नाना, आपण कांहीं चोरी केली नाहीं. आणि समुद्रांत तरी त्यांना कोण जपतंय? पाणी तापून खडकच्या खडक पांढरे पडताहेत." हें म्हणणें पोकळ नव्हतें. समुद्र नेहमीपेक्षां एखाद-दुसरा अंश अधिक तापून आठवडेच्या आठवडे तसाच राहिला, कीं पोवळीं आपल्या बिऱ्हाडकरूस बाहेर घालवितात आणि मग स्वतः उपाशीं पडतात. सन १९९८ मध्यें हें जगभर झालें, पुढें २०१० मध्यें व २०१६ च्या सुमारास झालें, आणि सन २०२४ मध्यें चौथा प्रसंग जाहीर झाला. परदेशांत लोक तुकड्यापासून तुकडा वाढवून रीतसर विकतात, हेंहि खरें. आम्ही रात्रभर विचार करीत होतों. सकाळीं आम्हीं त्यांस एवढेंच म्हटलें, "अरे, तारेंत वीज होती तोंवर आपण त्यांना जपलं. वीज गेली, आणि ज्यांना जपतों म्हणत होतों त्यांना आपणच मारलं. बरं, दुकानांत येण्यापूर्वीं ते तुकडे कोठें होते, हें आपण एकदां तरी विचारलं का?" विचारलें नव्हतें. कोठल्या तरी खडकावर कोणी तरी छिन्नी चालविली असली पाहिजे. आणि घेणारे आम्ही होतों म्हणूनच ती चालली.

आम्हीं हाडें फडक्यांत गुंडाळलीं, घडलेली हकीकत कागदावर लिहून खालीं सही केली, आणि तें सर्व वनखात्याच्या कचेरींत नेऊन दिलें. चिरंजीव सोबत आले. वाटेंत कोणीच बोललें नाहीं. तेथें जबाब झाला, पंचनामा झाला, पोंच मिळाली. तरुण अधिकाऱ्यानें आम्हांस "सर" म्हणून खुर्ची दिली, तेव्हां अधिकच ओशाळल्यासारखें झालें.

नातीचें समाधान मात्र एवढ्यावर झालें नाहीं. "आजोबा, मला जिवंत पोवळं पाहायचं आहे, त्याच्या घरीं," असा तिचा हट्ट. मालवणच्या समुद्रांत पोवळीं आहेत. तेथें सन १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस भर समुद्रांत आंग्रिया बँक म्हणून पोवळ्यांचा मोठा उथळा आहे, त्याला कान्होजी आंग्र्यांचें नांव. पण तेवढें लांब जावें लागलें नाहीं. सन २०२० च्या माघी पौर्णिमेस, ९ फेब्रुवारीस, सायंकाळच्या ओहोटीला आम्ही दोघें एका जाणत्या गृहस्थाबरोबर मुंबईस हाजी अलीच्या खडकांत उतरलों. पाणी गढूळ, दुर्गंधि येत होती, फटींत प्लास्टिक अडकलेलें. एका डबक्यांत ताटलीएवढा, राखी रंगाचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घरें-घरें असलेला एक उंचवटा त्या गृहस्थांनीं दाखविला. तेंच पोवळें! तेथें थंड करणारें यंत्र नव्हतें, परीक्षानळी नव्हती, पौष्टिक थेंब नव्हते. रोज दोन वेळां समुद्र येई व जाई, एवढेंच. नात गुडघे टेंकून वांकली. "आजोबा, हात लावूं?" असें तिनें विचारलें, आणि आम्हीं उत्तर देण्याच्या आधींच दोन्ही हात पाठीमागें बांधून घेतले.

त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामासाठीं वरळी व हाजी अली येथील पोवळ्यांच्या १८ लहान वसाहती वनखात्याच्या परवानगीनें उचलून दुसरीकडे नेऊन बसविण्यांत आल्या. त्या सर्वांचें क्षेत्र मिळून एक चौरस मीटरहि नव्हतें. एवढ्याशा जीवांसाठीं महानगरपालिकेस परवानगी मागावी लागली. आणि आम्हीं ते पिशवींत घालून घरीं आणले होते.

टाकी आजहि आहे. त्यांतले खडक चिरंजीवांनीं सिमेंटचे केले आहेत. जुनी जोडी आहे, आणि नवे क्लाउनफिश आणले ते उबवणीचे, कोंडलेल्या पाण्यांतच जन्मलेले. ही विद्या आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें साध्य केलेली आहे. वीज गेली तर दोन दिवस हवा पुरवील अशी सोयहि केली आहे. डावीकडचा कोपरा तेवढा रिकामा ठेवला आहे. पाहावयास आलेले लोक विचारतात, "मास्तर, येथें पोवळीं लावलींत तर किती शोभा येईल!" मग आम्ही त्यांस बसावयास सांगतों, आंतून चहा मागवितों, आणि वर लिहिली ती हकीकत पहिल्यापासून सांगतों.