अनादी की 1380 कोटी वर्षं?

कोसाडला आमच्याकडे स्वाध्यायाला बायका येतात, त्यांच्यासोबत मुलंही येतात. त्यातल्याच दहावीतल्या एकीनं विचारलं, “काकू, आपल्यात तर लोक अनादी-अनंत आहे म्हणतात. त्याला कुणी केलं नाही. मग विश्व 1380 कोटी वर्षांपूर्वी सुरू झालं, हे पुस्तकात कसं? दोन्हीतलं खोटं कुठलं?”

“परीक्षेत पुस्तकातलं लिही, घरी आपलं मान,” असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण पोरीला दोन तोंडांनी बोलायला मी शिकवू का?

मी टिकल्या लावलेली इलॅस्टिकची पट्टी घेतली. सुरतेत ती कुठल्याही घरात सापडते. टिकल्या एकेका बोटावर. पट्टी ताणून दुप्पट केली. शेजारची टिकली एक बोट सरकली, तिसरी मात्र तीन बोटं. म्हणजे जितकी लांब, तितकी वेगानं दूर. कुठल्याही टिकलीवर बसून बघा, हेच दिसणार. मधली अशी कुणीच नाही. 1929 मध्ये हबल यांना दीर्घिकांबाबत हेच आढळलं. ताणली जाते ती जागाच. आता हेच उलटं न्या: पूर्वी सगळं जवळ, दाट आणि तापलेलं असणार.

त्या उष्णतेची खूण 1965 मध्ये मिळाली. पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनात सगळ्या दिशांनी सारखीच खरखर येत होती. त्यांनी आतली कबुतरांची विष्ठासुद्धा साफ केली, तरी खरखर थांबेना. विश्व सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांचं असतानाचा तो प्रकाश होता; आता निवून उणे 270 अंश सेल्सिअसच्या आसपास आलेला.

“पण त्याच्या आधी काय होतं?” पोरगी सोडते थोडीच! ते विज्ञानाला अजून ठाऊक नाही. महास्फोटाचा सिद्धांत दाट, तप्त अवस्थेपासून पुढचं सांगतो. शून्यातून कुणी जग घडवलं, असं तो म्हणत नाही.

मग मी तिला आपल्या कोल्हापूरच्या जयंत नारळीकरांचं सांगितलं. त्यांचे गुरू फ्रेड हॉयल यांनी 1948 मध्ये स्थिर स्थितीचं विश्व मांडलं होतं, ना आरंभ ना अंत. ‘बिग बँग’ हे नावही हॉयल यांनीच 1949 मध्ये रेडिओवर दिलं, विरोधक असून. ऐकताच एक आजी खूश झाल्या, “बघा, आपलंच म्हणणं!”

इथंच मला आजींना थांबवावं लागलं. नारळीकरांनी तो विचार शास्त्रात लिहिलंय म्हणून धरला नव्हता. 1993 मध्ये त्यांनी हॉयल आणि बर्बिज यांच्यासह आकुंचन-प्रसरण पावत राहणारं विश्व मांडलं, तेही गणितानं. आपल्याला त्यात उत्सर्पिणी-अवसर्पिणी दिसेल. पण बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटलं नाही, कारण मोजमापं महास्फोटाकडे झुकतात. आपल्या सोयीचा शास्त्रज्ञ तेवढा उचलायचा, हा काही स्वाध्याय नव्हे.

अनेकांत म्हणजे सगळंच खरं, असंही नव्हे. कुठल्या अपेक्षेनं बोलतोय ते सांगावं लागतं. दुर्बिणीनं मोजता येतं, तिथं मोजमाप मानायचं. जंबूद्वीपाला दोन सूर्य सांगितले आहेत. आकाशात एकच आहे, हे म्हणायला मला भीती वाटत नाही. जग कुणाच्या मर्जीवर चालत नाही, माझ्या कर्माचं ओझं माझंच, ही श्रद्धा त्यानं डळमळत नाही.

मुलीला म्हटलं, “उत्तरपत्रिकेत 1380 कोटी लिही, आणि पटलं म्हणून लिही. ‘आधी काय’ हा प्रश्न मात्र उघडाच ठेव.”