हरसूलच्या घाटांतून आकाशमार्गाकडे

नाशिकहून निघून गिरणारें मागें पडलें, कीं वाघेरा घाट लागतो आणि त्यापुढें हरसूल. त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील हें गांव गुजरातच्या सीमेकडे वळणाऱ्या डोंगराळ मुलखांत वसलेलें आहे. भोंवतालीं कोकणा, वारली, महादेव कोळी यांची वस्ती. उतारांवर नागली-वरई आणि खाचरांत भात. पावसाळ्यांत घाटांत धुकें दाटलें, म्हणजे एस्. टी. चा चालक प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवितो व पलीकडून उत्तर येतांच गाडी कडेला घेतो.

अशाच एका प्रवासांत नातवानें मला विचारलें, "आजोबा, आकाशांत तर रस्ताच नाहीं, मग विमानें एकमेकांस कशीं चुकवितात?" प्रश्न बालिश नव्हे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं हरियाणांतील चरखी दादरीजवळ सौदी व कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर आपल्या देशांत मोठ्या विमानांना टक्कर टाळणारें यंत्र सक्तीचें झालें.

लहान विमानांचा भरंवसा मात्र मुख्यतः वैमानिकाच्या डोळ्यांवर. याच जिल्ह्यांतील टाकेद येथें जटायूचें स्थान दाखवितात. पण गृध्रकुलाची ती दृष्टि मनुष्यास कोठून असणार? ताशीं १८० किलोमीटर वेगाचीं दोन विमानें समोरासमोर आलीं, तर त्यांतील अंतर दर सेकंदास १०० मीटरांनीं घटतें. एक किलोमीटरवर दिसलेलें विमान दहा सेकंदांत अंगावर येतें! शिवाय जें विमान आपल्यावर आदळणार, तें काचेंत एकाच जागीं स्थिर ठिपक्यासारखें भासतें. हलत नाहीं म्हणूनच नजरेस पडत नाहीं.

या उणिवेवर तोडगा निघाला तो घाटांतील हॉर्नसारखाच. 'एडीएस-बी' या पद्धतींत विमान उपग्रहांच्या साहाय्यानें आपलें स्थान जाणतें आणि तें उंची-वेगासह रेडिओलहरींवरून सतत घोषित करतें. दुसऱ्या विमानांतील यंत्र तें ऐकून पडद्यावर दिशा, अंतर व उंची दाखवितें. स्वित्झर्लंडमध्यें २००४ च्या सुमारास निघालेलें 'फ्लार्म' हें लहानसें यंत्र पुढील कांहीं सेकंदांचा मार्गही वर्तवितें. युरोपांतील इंजिनरहित ग्लायडरांमध्यें तें सर्रास आढळतें.

परंतु यंत्र बसविलें म्हणजे कार्यभाग उरकला, असें नव्हे. गतवर्षीच्या पंचांगावरून यंदाचा मुहूर्त कोणी काढील काय? या यंत्रांच्या अंतर्गत आज्ञावलीसही तशीच मुदत असते. सर्वांनीं एकच सांकेतिक भाषा बोलली, तरच एकाचें दुसऱ्यास कळणार. २०१५ च्या मार्चअखेर फ्लार्मची जुनी आवृत्ति अशीच कालबाह्य ठरली. म्हणून नवी आवृत्ति वेळेवर घालावी. ती खरोखर चढली कीं नाहीं, हें उड्डाणापूर्वीं जमिनीवरच पाहावें. विमानाचा ओळख-क्रमांक यंत्रांत बिनचूक आहे ना, हेंही ताडावें. तो चुकला, तर आपलेंच विमान परकें होऊन पडद्यावर पाठलाग करूं लागतें! अँटेना धातूच्या आड गेला, तर त्या बाजूचें विमान यंत्रास ऐकूंच येत नाहीं.

आणखी एक मर्यादा ध्यानांत ठेवावी. जें बोलतें, तेंच यंत्रास ऐकूं येतें. ज्या विमानांत प्रक्षेपक नाहीं, किंवा तो बंद पडला आहे, तें पडद्यावर उमटत नाहीं. पक्षी व पतंग तर नाहींतच. कोरा पडदा म्हणजे कोरें आकाश नव्हे. म्हणून पडद्यावर क्षणभर नजर टाकावी, कोठें पाहावें हें समजून घ्यावें आणि दृष्टि पुन्हा बाहेर न्यावी.

बारामती, गोंदिया येथें आज तरुण-तरुणी वैमानिकविद्या शिकतात. वाचकांपैकीं कोणाच्या घरचें मूल त्या मार्गास लागलें असेल, तर वडीलधाऱ्यांनीं केवळ "किती उंच गेलास?" असें न विचारतां "उड्डाणापूर्वीं काय काय तपासलेंस?" असेंही विचारावें. विद्येची शोभा विनयांत आहे. आणि आकाशांत विनय म्हणजे, आपल्याखेरीज दुसराही कोणी तेथें असेल, याची अखंड जाणीव.