दोन्ही गटांत मोजलेले

एखादी व्यक्ती किंवा वस्तू एकाच वेळी दोन गटांत असू शकते, तेव्हा त्या गटांच्या संभाव्यतांची नुसती बेरीज करून चालत नाही. 40 विद्यार्थ्यांच्या वर्गात 25 जण क्रिकेट खेळतात, 18 जण कबड्डी आणि 8 जण दोन्ही. कोणताही एक विद्यार्थी निवडला, तर तो यांपैकी किमान एक खेळ खेळणारा असण्याची संभाव्यता किती? 25 आणि 18 मिळून 43 होतात, वर्गात मुले मात्र 40. दोन्ही खेळ खेळणारे 8 जण क्रिकेटच्या यादीतही आले आणि कबड्डीच्याही. ते एकदा वजा केले की 35 उरतात. उत्तर 35/40, म्हणजे 7/8.

या उदाहरणात चूक आपोआप उघडी पडते, कारण संभाव्यता 1 पेक्षा जास्त असूच शकत नाही. नेहमी तसे होत नाही. 52 पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला, तर तो राजा किंवा बदाम असण्याची संभाव्यता विचारली की वर्गात मला हमखास 17/52 हे उत्तर मिळते. राजे 4, बदाम 13. हे उत्तर अगदी पटण्याजोगे दिसते, म्हणूनच ते जास्त धोक्याचे आहे. बदामचा राजा दोनदा मोजला गेला आहे. खरे उत्तर 16/52, म्हणजे 4/13.

महाराष्ट्र मंडळाच्या पाठ्यपुस्तकांत हे सूत्र नववीला संचांच्या प्रकरणात भेटते, तर संभाव्यता दहावीत येते. मुले दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात. खरे तर सूत्र तेच आहे, फक्त प्रत्येक संख्येला एकूण निष्पत्तींच्या संख्येने भागायचे. मी म्हणून संभाव्यतेच्या तासालाही आधी वेन आकृती काढायला लावतो. ब्रिटिश तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1880 मध्ये ही पद्धत मांडली. वर्तुळांचा वापर त्याआधी ऑयलर यांनीही केला होता.

आकृती भरायची ती सामाईक भागापासून. आधी मध्ये 8 लिहायचे. मग फक्त क्रिकेट 25 − 8 = 17, फक्त कबड्डी 18 − 8 = 10 आणि वर्तुळांबाहेर 40 − 35 = 5. आता नेमका एकच खेळ खेळणाऱ्याची संभाव्यता 27/40, एकही न खेळणाऱ्याची 5/40. निवडलेला विद्यार्थी क्रिकेट खेळतो हे आधीच कळले असेल, तर तो कबड्डीही खेळण्याची संभाव्यता 8/25 होते. छेद 40 राहत नाही. ‘25 जण क्रिकेट खेळतात’ आणि ‘25 जण फक्त क्रिकेट खेळतात’ यांतला फरक वाचताना निसटला, तर पुढचे सगळे आकडे बिघडतात.

सामाईक संख्या दिलीच नसेल तर? काही जण 25/40 आणि 18/40 यांचा गुणाकार करतात. तो फक्त स्वतंत्र घटनांना लागू पडतो. राजा आणि बदाम या घटना स्वतंत्र आहेत: 4/52 × 13/52 = 1/52. वर्गातल्या खेळांचे तसे नाही; गुणाकार सुमारे 0.28 येतो, प्रत्यक्षात 8/40 म्हणजे 0.2. इतर माहिती नसताना एवढेच ठामपणे म्हणता येते, की दोन्ही खेळणारे किमान 25 + 18 − 40 = 3 आणि जास्तीत जास्त 18 असतील.

तीन गटांत हेच एक पायरी पुढे जाते. 1 ते 100 मधून निवडलेल्या संख्येला 2, 3 किंवा 5 ने भाग जाण्याची संभाव्यता पाहा. 50 + 33 + 20 = 103. 6, 10 आणि 15 ने भाग जाणाऱ्या 16, 10 व 6 संख्या वजा केल्या की 71 राहतात. पण 30, 60 आणि 90 या तिन्ही वेळा मोजल्या गेल्या आणि तिन्ही वेळा वजा झाल्या, म्हणजे हिशेबातून पुरत्या गळल्या. त्या 3 परत मिळवल्या की 74, संभाव्यता 74/100. उरलेल्या 26 संख्यांना तिघांपैकी कोणीच भाग देत नाही.