काचेतला तलाव

माणसाच्या छंदांचे ढोबळ मानाने दोन वर्ग करता येतील. काही छंद माणसाला घराबाहेर काढतात आणि काही त्याला घरात धरून ठेवतात. भटकंती, सभासंमेलने, नाटकांच्या तालमी ही पहिल्या वर्गातली; टपालाची तिकिटे जमविणे, सतार छेडणे, जुनी पुस्तके पुन्हा पुन्हा पुसून फळीवर मांडणे ही दुसऱ्या वर्गातली. काचेच्या पेटीत मासे पाळण्याचा छंद वरकरणी या दुसऱ्याच वर्गात मोडतो. परंतु भंडारा जिल्ह्यात राहून तो पत्करला, म्हणजे तो माणसाला आरामखुर्चीतून उठवून थेट तलावाच्या पाळीवर नेऊन उभा करतो, असा माझा अनुभव आहे.

आमचे कोंढा हे पवनी तालुक्यातले गाव. इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या प्राध्यापकाने वर्डस्वर्थच्या सरोवरांबद्दल बोलावे आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी अडीच फूट लांबीच्या सरोवराकडे बघत बसावे, यात विसंगती असेलच तर ती सौम्य आहे. घरी येणारी मंडळी त्या पेटीकडे कौतुकाने पाहतात आणि पहिला प्रश्न ठरलेला विचारतात, “रोज पाणी बदलावे लागत असेल, नाही?” रोज सोडाच, आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलतो, असे मी सांगितले की त्यांच्या चेहऱ्यावर अविश्वास उमटतो. मग मी बोट माशांकडून काढून पाण्यातल्या हिरवळीकडे नेतो. पेटीचा संसार ती चालविते. मासे हे केवळ तिच्या घरचे पाहुणे.

ही गोष्ट प्रथम पद्धतशीरपणे दाखवून दिली ती रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने. बारा गॅलनांच्या एका पात्रात त्याने दोन सोनमासे सोडले आणि वाळूत व्हॅलिस्नेरियाचे रोप लावले. काही दिवस सारे आलबेल होते. पुढे रोपाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले, काचेवर शेवाळ धरले. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून त्यात सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने व शेवाळ खाऊन टाकले. त्यांची अंडी माशांना खाद्य झाली. माशांच्या मळावर रोप पोसले आणि रोपाने पाण्यात प्राणवायू सोडला. १८५० साली त्याने हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. चार वर्षांनी फिलिप हेन्री गॉस याचे या विषयावरचे पुस्तक निघाले आणि इंग्लंडातल्या दिवाणखान्यांत काचपेट्यांची लाट उसळली. मला या कथेत मौज वाटते ती निराळीच. ज्या रोपाच्या आधाराने लंडनमध्ये हा प्रयोग सिद्ध झाला, त्या जातीची फितीसारखी लांब, पातळ पाने आमच्या तलावांच्या उथळ पाण्यात डुलत असतात, आणि आमच्याकडे त्यांना कोणी विचारीत नाही.

आता ज्याला हा छंद करावयाचा आहे, पण ज्याला नोकरी, प्रपंच व उन्हाळा या तिन्ही गोष्टी आहेत, त्याने रोपे कोणती निवडावी? माझे उत्तर असे की, ज्यांना आपली फारशी गरज नाही अशी निवडावी. पहिला मान हायड्रिलाचा. बारीक देठाभोवती चार-पाच पानांचे झुबके, अशी तिची ठेवण. देठाचा तुकडा खुडून वाळूत खोचला की तो मुळे धरतो. न खोचता तरंगत ठेवला तरी वाढतो. शाळेत उलट्या नरसाळ्याखाली जिला ठेवून, परीक्षानळीत जमणारे प्राणवायूचे बुडबुडे दाखवितात, ती हीच. वनस्पती हे बुडबुडे केवळ प्रकाशातच सोडतात, अंधारात नव्हे, हे यान इंगेनहाउस याने १७७९ साली दाखविले. पुढे जगदीशचंद्र बोस यांनी हायड्रिलाच्याच बुडबुड्यांची नोंद घेणारे यंत्र रचले आणि १९२४ साली प्रकाशसंश्लेषणावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तलावात बैल धुताना पायाला गुंडाळणाऱ्या या ‘कचऱ्या’चा लौकिक एवढा मोठा आहे.

दुसरी वनस्पती सेराटोफायलम. हिला मुळेच नसतात. जे हवे ते ती सर्वांगाने पाण्यातून शोषून घेते. माशांच्या मळातून जो अमोनिया उत्पन्न होतो तो माशांना विषासारखा. वाळूतले सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. परंतु या जंतूंची वस्ती जमायला काही आठवडे जातात. पाण्यात सेराटोफायलम असली की त्या अमोनियाचा वाटा ती परस्पर उचलते. पेटी भरली त्याच दिवशी मासे सोडण्याची घाई मुले करतात. महिनाभर नुसती हिरवळ पाहत बसण्याचा संयम ज्याच्यापाशी आहे, त्याचे मासे जगतात.

तिसरी ती वॉरिंग्टनची व्हॅलिस्नेरिया. तिची मुळे वाळूत दाबावी, पण पाने जिथून फुटतात तो गड्डा उघडा राहू द्यावा. मग ती आपणहून आडवे धुमारे सोडीत शेजारी नवी रोपे उभी करते. तिच्या विवाहाची कथा तर कोणा कवीने रचावी अशी आहे. मादीफूल लांब देठावरून पाण्याच्या पृष्ठभागावर येते; नरफुले तळाशी देठापासून सुटून वर तरंगत जातात आणि वाऱ्याच्या झुळकीने तिच्याशी लागतात. कार्य उरकले की तो देठ मळसूत्रासारखा वळतो आणि फळाला पुन्हा पाण्याखाली ओढून नेतो.

नागपुरात दुकानांतून मिळणारी जावा फर्न व अनुबियास ही परदेशी रोपेही अशीच अल्पसंतुष्ट आहेत. त्यांचा जाड आडवा कंद मात्र वाळूत पुरू नये, तो कुजतो. दोऱ्याने दगडाला बांधून ठेवावा, मुळे आपोआप दगड कवटाळतात. क्रिप्टोकोरीनची तऱ्हा आणखी वेगळी. जागा बदलली की तिची सारी पाने विरघळून गेल्यासारखी नाहीशी होतात. नवखा माणूस ती उपटून फेकून देतो. वास्तविक तिला तशीच राहू दिली, तर काही आठवड्यांत त्याच मुळांतून नवी पाने येतात. बदली होऊन आलेल्या कारकुनाचेही पहिल्या महिन्यात असेच होत असावे.

या साऱ्यांना लागते ते थोडेच: दिवसाकाठी सात-आठ तास दिव्याचा उजेड, खाली चार बोटे जाडीची धुतलेली वाळू, आणि आपल्या हातांना थोडी विश्रांती. उजेड अधिक झाला तर रोपांऐवजी शेवाळ माजते. म्हणून पेटी खिडकीतल्या उन्हात ठेवू नये. आमच्याकडे वैशाखात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि नेमकी त्याच दिवसांत वीज जाते. दिवसा वीज गेली तर खिडकीतल्या उजेडावरही रोपे थोडाफार आधार देतात. रात्री मात्र तीही माशांप्रमाणेच प्राणवायू घेतात, हे विसरू नये. म्हणून पेटीत मासे मोजकेच असावे. पाहुणे इतके नसावे की यजमानीण स्वतःच उपाशी राहील.

तलावातून रोपे आणताना एक दक्षता घ्यावी लागते. ती दोन-तीन पाण्यांनी धुऊन आठ-पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेवावी. नाहीतर त्यांच्यासोबत चतुरांच्या अळ्या येतात आणि त्या माशांची पिल्ले गट्ट करतात. ही शिकवण मला कोणा ग्रंथाने दिली नाही. ती एका वृद्ध ढिवर गृहस्थांनी दिली. त्यांनी माझी पेटी प्रथम पाहिली तेव्हा तीत एकच विरळ रोप होते. बराच वेळ निरखून ते म्हणाले, “मास्तर, तुमच्या मच्छीले खायाले भेटते, पर लपाले जागा नाही जी. लपाले जागा नसन, त मच्छी नांदत नाही.” मीनशास्त्रातले एक प्रकरण त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. पाणवनस्पतींच्या आडोशाला मासे अंडी घालतात, पिल्ले तिथेच बगळ्यांपासून लपतात, आणि त्या पानांवर जे सूक्ष्म जीव वाढतात त्यांवर पोसतात. ढिवरांनी हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे.

आणि इथेच माझा छंद घराबाहेर पडतो. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंदिया १९९९ साली वेगळा झाला, तोही तसाच. गोंड राजवटीत कोहळी समाजाने इथे तलाव बांधले. जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन, असा त्यांना राजाश्रय होता, अशी परंपरा सांगतात. पुढे हे तलाव मालगुजारांकडे आले. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि ‘माजी मालगुजारी’ या दप्तरी शब्दांचा संक्षेप होऊन त्यांना ‘मामा तलाव’ हे नाव पडले. नाव असे की कोणासही आजोळ आठवावे. पण मामाच्या घरी भाचे नुसते जेवायला जावे आणि छपराला कौल घालायला कोणी नसावे, तशी पुष्कळ तलावांची गत झाली. गाळ साचला. काठांवर बेशरम माजली. हायड्रिला फस्त करणारा ग्रास कार्प हा मासा १९५९ साली भारतात आणला गेला. झटपट वाढतो म्हणून तो तलावांत सोडण्याचीही प्रथा पडली. रोपे गेली, त्यांमागून देशी मासे कमी झाले, आणि त्यांमागून ढिवरांच्या घरातले दोन घास.

या चक्राला उलट फिरविण्याचा यत्न आमच्याच भागात झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. मनीष राजनकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ या संस्थेमार्फत ढिवरांचे तलावविषयक ज्ञान गोळा केले. त्या ज्ञानाच्या आधारे ढिवर स्त्री-पुरुषांनी बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचा कोरडा तळ नांगरला आणि पावसाच्या सुमारास देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. हायड्रिला, सेराटोफायलम, व्हॅलिस्नेरिया: माझ्या पेटीतल्या त्याच तिघी. मी दिवाणखान्यात जे शोभेसाठी करतो, तेच या मंडळींनी चिखलात उभे राहून पोटासाठी केले. त्यांच्या यादीपुढे माझी यादी ठेवली, तर निवड एकच निघते. मात्र त्यांच्या निवडीला भूक साक्षीदार आहे.

वनस्पतीच्या गुणदोषांचा निवाडा स्थळावर अवलंबून असतो, हेही या छंदाने मला शिकविले. जी हायड्रिला आमच्या तलावाची लक्ष्मी, तीच गेल्या शतकाच्या मध्यास काचपेट्यांच्या व्यापारातून अमेरिकेत फ्लोरिडात गेली, तिथल्या नद्यांत निसटली आणि कालवे तुंबविणारी अवदसा ठरली. उलट दक्षिण अमेरिकेची जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने आपल्या देशात आली, आणि आज वैनगंगेच्या पात्रात तिचे गालिचे पसरलेले दिसतात. दोन्ही प्रवासांचा आरंभ कोणाच्या तरी निरुपद्रवी हौसेत झाला. म्हणून दुकानातून आणलेले रोप किंवा मासा नकोसा झाला, तरी तो तलावात वा नाल्यात कधीही सोडू नये. रोप वाळवून मातीत पुरावे. मासा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा. हौशीने निदान आपल्या भिंतींच्या आत राहण्याची शिस्त पाळावी.

कमी देखभालीची रोपे हवीत, असे म्हणणारा माणूस आळशी असतो असे नाही. ज्याची देखभाल कमी लागते ते निवडण्यासाठी आधी पुष्कळ पाहावे लागते: पाणी कसे, उजेड किती, पाहुणे किती, कोण कोणाचे उष्टे खाऊन जगतो. एवढे पाहून झाले की मग माणसाने हात मागे घ्यावा. आठवड्यातून एकदा मात्र तो पुढे करावाच. तेवढा एक दिवस चुकवीत गेले, तर काचेवरचे शेवाळ आपल्याला कळविते. कोहळ्यांनी बांधलेले तलाव शतकानुशतके थोडक्या श्रमात चालले, कारण गाळ काढण्याचे, पाळ दुरुस्त करण्याचे व पाणी सोडण्याचे ते थोडके श्रम कोणीतरी वर्षाच्या वर्षाला करीत होते. थोडी देखभाल पुरते, या वाक्यातला ‘थोडी’ हा शब्द सरकारी दप्तरात गळाला आणि गावकऱ्यांनीही तो पुन्हा लिहिला नाही.

माझ्या विद्यार्थ्यांपैकी दोघे-तिघे ढिवरांची मुले आहेत. पेटीतले पाणी बदलण्याच्या दिवशी ती कधी घरी येतात आणि फांदी कुठे खुडावी हे मला सांगतात. हायड्रिलाचे वाढलेले झुबके मी काढतो, ते ती मुले फेकू देत नाहीत. ती ओल्या पोत्यात गुंडाळून नेतात, आणि शेतातल्या बोडीत, जिथे पाणी अजून नितळ असते, तिथे चिखलात खोचून येतात.